आठ नंबरची बाटली

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. मी नुकतीच एम.एस्सी. झाले होते आणि कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात सरांच्या हाताखाली संशोधन करत होते. संशोधन म्हटलं की घरी येणाऱ्यांना काहीतरी मोठं वाटायचं. माझा दिवस मात्र कांद्यांत जायचा.

सरांचा विषय होता कॅन्सर. सदाफुलीतून कॅन्सरवरची औषधं निघाली, हे तोवर सगळ्या जगाला माहीत झालं होतं. मग आपल्या आंबा घाटात, राधानगरीच्या रानात, गावोगावच्या कुंपणांवर जे उगवतं त्यातही काही असेल, असं सरांना वाटे. ते तपासायला मोठ्या शहरांतल्या संस्थांसारखे उंदीर आणि त्यांच्या खोल्या आमच्याकडे नव्हत्या. कांदा होता. कांद्याचं बूड पाण्याला टेकवून ठेवलं की दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं सुटतात. त्या मुळांच्या टोकाशी एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार असं सारखं चाललेलं असतं. ती मुळं झाडपाल्याच्या अर्कात काही तास ठेवायची, मग टोकं कापून रंगवायची, काचेवर अंगठ्यानं दाबून चपटी करायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं, किती पेशी विभागताहेत. शेजारी साध्या पाण्यातल्या कांद्याची तशीच मोजणी. अर्कातल्या मुळांत विभाजन कमी दिसलं, तर त्या झाडाकडे पुन्हा बघायचं.

"कांदा म्हणजे माणूस नव्हे," सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "हे रोज सकाळी स्वतःला एकदा सांगायचं."

आमच्याकडे बारा झाडांचे बारा अर्क होते, सारख्या बाटल्यांत भरलेले, रंगानंही जवळपास सारखेच तपकिरी. नाव लिहिलं तर मोजणाऱ्याचं मन आधीच कलतं म्हणून सरांनी फक्त नंबर घालायला लावले होते. मी इंग्रजी आकड्यांत लेबलं चिकटवली. चार नंबर म्हणजे गुळवेल. आठ नंबर म्हणजे रामेठा. हे घाटातलं झुडूप. त्याची साल ठेचून ओढ्यात टाकली की मासे गुंगून वर येतात, असं तिथल्या माणसानं आम्हाला साल सोलतानाच सांगितलं होतं.

प्रयोगशाळेत तिसरे होते मामा. कॉलेजातल्या सगळ्याच शिपायांना मामा म्हणायची पद्धत, पण आमचे मामा कामानं शिपायाच्या पुष्कळ वर होते. गडमुडशिंगीहून सायकलवर यायचे, सगळ्यांच्या आधी. बाटल्या धुणं, कांद्याचं पाणी बदलणं, अर्क उकळताना समोर बसून राहणं, हे सगळं ते न सांगता करत. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण कुठल्या कांद्याला मुळं कधी येणार हे बघून सांगायचे आणि ते खरं व्हायचं.

त्या उन्हाळ्यात पहिली फेरी झाली. अकरा अर्कांत सांगण्यासारखं काही नव्हतं. गुळवेलीच्या अर्कातली मुळं तर पाण्यातल्या मुळांइतकीच जोमात होती. आठ नंबरच्या काचेवर मात्र मी बघत राहिले. विभागणाऱ्या पेशी शोधून सापडेनात. मी सरांना बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, बराच वेळ बघितलं, दुसरी काच मागितली, तिसरी मागितली.

"आठ नंबर," ते म्हणाले. "आठ नंबरनं थांबवलंय सगळं."

सर एरवी मोजकं बोलणारे. त्या दिवशी त्यांनी विभागातल्या सगळ्यांना चहा सांगितला आणि जो येईल त्याला आठ नंबरबद्दल ऐकवलं. मामा चहाचे कप घेऊन आत-बाहेर करत होते.

नंतर मी आठ नंबरचा अर्क पुन्हा केला, जास्त प्रमाणात, आणि दोन बाटल्यांत भरला. त्यातली एक सरांनी मुंबईच्या एका संस्थेला उंदरांवरच्या चाचणीसाठी पाठवायची म्हणून आपल्या कपाटात ठेवली. हे मी विसरले. पुढचा सगळा घोटाळा त्या विसरण्यातून झाला.

पावसाळ्यात आमच्या खोलीत ओल यायची. झुरळांनी खळीसाठी काही लेबलं खाऊन टाकली, दोन, तीन आणि चार नंबरची. मी त्या आठवड्यात रजेवर होते. मामांनी आपणहून चिकटपट्टीचे तुकडे लावले आणि त्यांना येत होते तसे आकडे शाईनं लिहिले. दोन आणि तीन मराठीत काय नि इंग्रजीत काय, दिसायला सारखेच. चार मात्र मराठीत लिहिला की इंग्रजी वाचायच्या सवयीला तो आठ दिसतो. मी परत आल्यावर फळीवर मला दोन आठ दिसले. दोन बाटल्या मीच भरल्या होत्या, म्हणून नवलही वाटलं नाही, आणि पहिल्या फेरीतच बाद झालेला चार कुणी शोधत नव्हतं.

त्यानंतरचे दोन महिने मी आयुष्यात कधी नव्हते इतकी गोंधळले होते. सोमवारी आठ नंबर पेशी थांबवायचा. बुधवारी त्याच आठ नंबरात मुळं मजेत वाढायची. मी कांदे बदलले. लक्ष्मीपुरीतल्या एकाच दुकानातून एकाच पोत्यातले कांदे आणायला लागले. पाणी बदललं. विभाजन सकाळी जास्त असतं म्हणून घड्याळ लावून ठरल्या वेळी टोकं कापली. रंग नवीन केला. तरी एक दिवस होय, एक दिवस नाही.

"तुम्ही मोजता की अंदाज करता?" सरांनी एकदा विचारलं.

"मोजते, सर."

"मग दोन्ही आकडे खरे कसे असतील?"

माझ्या डोळ्यांवरचाच माझा विश्वास उडाला. उन्हाळ्यात जे बघितलं ते खरं बघितलं की सरांना हवं होतं म्हणून मला दिसलं, इथपर्यंत मन जायला लागलं. घरी जेवताना आई काही विचारायची आणि मी भलतंच उत्तर द्यायचे.

त्याच दिवसांत एकदा मामांनी दारातून विचारलं होतं, "बाई, आठ नंबर म्हंजी ह्योच न्हवं? हितं हिंग्रजीत लिवलेला?"

मी सूक्ष्मदर्शकात होते. मान वर करून बघितलं, तर त्यांच्या हातात माझ्या अक्षरातली 8 ची बाटली होती. "हो, तोच," मी म्हटलं आणि पुन्हा मोजायला लागले. कशासाठी विचारताय, हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

आणि मग एका दुपारी, फळीवर जागा हवी म्हणून, मी दोन्ही 'आठ' एकत्र केले. दोन्ही बाटल्या अर्ध्याच्या खाली आल्या होत्या. चिकटपट्टीवाली माझ्या लेबलाच्या बाटलीत ओतली आणि रिकामी धुवायला टाकली.

तिसऱ्या दिवशी मामा ती रिकामी बाटली हातात धरून आले.

"बाई, चाराची बाटली मोकळी केलासा. संपलं व्हय त्यातलं?"

"चाराला मी हातच लावला नाही, मामा."

"मग ही कशाची?" त्यांनी बाटली पुढं केली. "मीच लिवलाय की चार."

मी ती चिकटपट्टी बघितली. कितीतरी वेळ मला तो आकडा आठच दिसत राहिला. मग एकदम चार दिसला आणि त्यानंतर आठ दिसेना. दोन महिन्यांचे सोमवार आणि बुधवार मला क्षणात उलगडले. एका बाजूनं इतकं हलकं वाटलं की मी हसलेसुद्धा. माझे डोळे शाबूत होते.

"मामा, मी चार आठात ओतला. दोन्ही वाया गेले. नवीन करावे लागणार."

मामा हसले नाहीत. त्यांनी बाटली टेबलावर ठेवली आणि हळू आवाजात विचारलं, "मग आठात आता काय हाय?"

"चार आणि आठ, दोन्ही."

"म्हंजी औषध ऱ्हायलं न्हाय त्यात?"

"कसलं औषध?"

मामा खाली बघत म्हणाले, "आमच्या हिच्या छातीत गाठ हाय, बाई. उनाळ्यापासनं. कुणाला दावाय तयार न्हाय. सर म्हणत हुते, आठ नंबरनं थांबवलंय सगळं. म्हणून रोज वाईच न्हेतोय. गुळाच्या पाण्यातनं देतोय सकाळचं."

मासे गुंगवणारी साल मामा रोज आपल्या बायकोला पाजत होते, आणि बाटली हीच का म्हणून विचारलं तेव्हा 'हो, तोच' मीच म्हटलं होतं.

"किती दिवस?"

"दीड म्हैना झाला आसंल."

मी त्याच संध्याकाळी त्यांच्याबरोबर गडमुडशिंगीला गेले. ते सायकलवर पुढं आणि मी बसनं. वाटेत मी मनात नाना चित्रं रंगवली. प्रत्यक्षात मामी सोप्यात बसून शेंगा फोडत होत्या. अंगानं वाळलेल्या होत्या, पण आवाज खणखणीत.

"या बाई. ह्यांनी सांगितलं, तुमी लई शिकलेल्या हाईसा म्हणून."

मी औषधाबद्दल विचारलं. लागायचं कसं, त्रास काय झाला.

"पयल्यांदा घशात जाळ व्हायचा," मामी म्हणाल्या. "पोट बिगाडलं दोन-चार येळा. मी म्हटलं, आसंल, औषध हाय ते जाळणारच. आता दोन दिस झालं नुसतं कडू लागतंय. आता बरं वाटतंय. भाकरी खातो मी, झोप लागती."

"आणि गाठ?"

त्यांनी मामांकडे बघितलं. मामा उठून बाहेर गेले. मग मामींनी माझा हात धरून पदराखाली नेला. बोराएवढी, टणक. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी कांद्याच्या मुळांशिवाय कशाला हात लावलेला नव्हता.

"मऊ पडलीया न्हवं?" त्यांनी विचारलं.

"मी आधी बघितली नव्हती, मामी. मला कसं सांगता येईल?"

"मला वाटतंय मऊ पडलीया."

मी त्यांना सांगितलं की ते औषध नव्हे, ते आम्ही अजून तपासतोय, त्यात विषारी झाड आहे, आता एक थेंबही घ्यायचा नाही आणि लगेच मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात जायचं. त्या ऐकत होत्या, शेंगा फोडत होत्या. शेवटी म्हणाल्या, "इखार आसतं तर मी मेलो नसतो व्हय? उलट खातोय की." कदाचित त्यांना बरं वाटत होतं ते विष निम्म्यानं कमी झालं म्हणून. कदाचित गुळवेलीनं भूक लागत असेल. कदाचित इतक्या महिन्यांनी कुणीतरी गाठीबद्दल मोकळं बोललं म्हणून. मी काहीच मोजलेलं नव्हतं.

सकाळी मी सरांना सगळं सांगितलं. आकड्यांचा घोटाळा, ओतलेली बाटली, मामी. सर रागावतील, मामांची नोकरी जाईल, माझं कामही जाईल, अशी तयारी करूनच मी बोलत होते. सर ऐकता ऐकता ताठ बसले. त्यांनी वही ओढली, पेनाचं टोपण काढलं.

"रोज किती घेत होती? गाठ आधी कुणी मोजली होती का?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. कांदा म्हणजे माणूस नव्हे, हे रोज सकाळी स्वतःला सांगायला लावणारे हेच. त्यांनाही ते माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. त्यांनी टोपण पुन्हा लावलं आणि वही बाजूला सारली. मग दुसऱ्या कागदावर मिरजेत ओळखीच्या डॉक्टरांना द्यायला चिठ्ठी लिहून दिली. मामांना त्यांनी बोल लावला नाही. अर्क मात्र त्या दिवसापासून कुलपातल्या कपाटात राहू लागले, आणि मामांची बदली खालच्या मजल्यावर वाळवलेल्या नमुन्यांच्या खोलीत झाली.

मिरजेला मामी, मामा आणि मी असे तिघं गेलो. मामी येणार नाहीत असं मामांना वाटत होतं. पण मी सोबत येतेय म्हटल्यावर त्या नेसत्या लुगड्यानिशी निघाल्या. डॉक्टरांना मी एका कागदावर दोन्ही झाडांची शास्त्रीय नावं, अंदाजे प्रमाण आणि दिवस लिहून दिले. रात्रभर जागून तो कागद मी चार वेळा नव्यानं लिहिला होता. त्यांनी तो एकदा वाचला आणि फाइलखाली सरकवला.

"हे बंद केलंय ना?"

"हो."

"मग झालं," ते म्हणाले.

ऑपरेशन झालं. गाठ कॅन्सरचीच होती, पण लहान होती, पसरलेली नव्हती. "वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले. मी धीर करून विचारलं, "त्या अर्कामुळं लहान राहिली असेल का? किंवा काही अपाय?"

"ते मला कसं कळणार?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळणार नव्हतं.

इकडे मी दोन्ही अर्क नव्यानं केले, नंबर अक्षरांत लिहिले, आणि फेरी पहिल्यापासून केली. रामेठ्यानं प्रत्येक वेळी विभाजन थांबवलं. पण या वेळी मी आणखी एक गोष्ट बघितली, जी उन्हाळ्याच्या आनंदात आम्ही दोघांनीही बघितली नव्हती. मुळं काढून स्वच्छ पाण्यात ठेवली तरी ती पुन्हा वाढेनात. दोन दिवसांत मऊ होऊन तपकिरी पडायची.

"मेलीत ती," सर म्हणाले. "नुसतं विष दिलं तरी विभाजन थांबणारच. आपण थांबवतोय की मारतोय, हे कांदा सांगू शकत नाही."

अर्क पातळ करून बघितला. एका पातळीच्या खाली काहीच होईना, वर गेलं की मुळं मरायची. मधे कुठंतरी अरुंद जागा असेल असं सरांना शेवटपर्यंत वाटत होतं. मुंबईहून पत्र आलं की नमुना चाचणीला अपुरा आहे, आणखी पाठवा. तोवर आमचं काम दुसऱ्या विषयाकडं वळलं होतं. आणखी नमुना गेला नाही.

मामी चांगल्या झाल्या. मामा खालच्या खोलीतून कधी वर आले की सांगायचे, "शेतात जाती, बाई, आता." आणि मग आवाज उतरवून, "औषध लागू पडलं तिला." मी म्हणायचे, ऑपरेशननं बरं वाटलं, मामा. ते मान हलवायचे, माझं मन राखायला हलवावी तशी.

पुढच्या उन्हाळ्यात माणसं यायला लागली. आधी गडमुडशिंगीची, मग आजूबाजूची. कॉलेजच्या व्हरांड्यात उभी राहायची आणि विचारायची, गाठीवरचं औषध देणाऱ्या बाई कुठल्या. मी सांगायचे, असं काही औषध नाही, आम्ही कांद्यांवर काम करतो. ते ऐकून काहींना मी चेष्टा करतेय असं वाटायचं. एक बाई म्हणाल्या, "आमी लांबचं हाय म्हणून न्हाय म्हणताईसा." मी प्रत्येकाला मिरजेची वाट सांगायचे. कोण गेलं, कोण गेलं नाही, मला कळत नसे.

त्यातला एक माणूस माझ्या लक्षात आहे. बिद्रीच्या साखर कारखान्यात कामाला होता, चाळिशीचा असेल. आईच्या गळ्याशी गाठ होती. मी माझं नेहमीचं सांगितलं. तो शांतपणे ऐकून घेत होता.

"तुमी सांगता ते बरोबरच आसंल," तो म्हणाला. "पण आई दवाखान्याला न्हाय म्हणती. झाडपाल्याला हो म्हणती. तुमी कायतरी दिलासा तर ती माझं ऐकंल."

मी विचार न करता बोलून गेले, "आधी मिरजेला दाखवा. तिथला कागद मला आणून दाखवा. मग देते."

मला वाटलं, तो परत यायचा नाही. पंधरा दिवसांनी तो आला. हातात मिरजेचा कागद होता, तपासणी झाल्याचा, पुढची तारीख दिलेला. आईला घेऊन गेला होता. 'बाई औषध देणार हाईत' एवढ्या शब्दावर ती गाडीत बसली होती.

आता मला काहीतरी द्यावं लागणार होतं. सरांना विचारावं असं वाटलं, पण ते काय म्हणतील ते मला ठाऊक होतं, आणि मी काय करणार तेही बहुधा ठरलं होतं. कॉलेजच्या मागच्या कुंपणावर गुळवेल चढली होती. मी बोटाएवढा तुकडा तोडला, कागदात गुंडाळला आणि सांगितलं, उकळून पाणी द्या, पण मिरजेची तारीख चुकली तर बंद.

"ह्यानं गाठ जाईल?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "ह्यानं जाणार नाही. मिरजेत सांगतील तसं करा."

त्यानं मान हलवली, पुडी खिशात जपून ठेवली, आणि माझ्या पाया पडायला वाकला. मी मागं सरले. मी त्याला खोटं सांगितलं नव्हतं आणि तरी तो औषध घेऊन गेला होता. त्याच्या आईचं काय झालं ते मला कळलं नाही. तो पुन्हा आला नाही. ती बरी झाली म्हणून आला नाही, की बरी झाली नाही म्हणून, याचा विचार मी पुढं इचलकरंजीत शिकवायला लागल्यावरही कितीतरी वर्षं करत होते. अजूनही तो प्रसंग कुणाला सांगायला घेतला की आपण चूक केली असं म्हणायचं की बरोबर, ते मला सांगता येत नाही.